बरी झाली म्हणा

कैरोच्या मनियल भागात कुत्र्याला हात न लावणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यात काही वावगं नाही. लाळ लागली की कपडे बदला, हातपाय पुन्हा धुवा. ऐन नमाजाच्या वेळी ही भानगड कोण मागे लावून घेईल? पण कुत्रं गाडीखाली आल्यावर जी माणसं उतरून आधी गाडीला ओरखडा गेलाय का ते बघतात, त्यांच्यासाठी जनावरांच्या डॉक्टर मुशीराने एक खास शिवी राखून ठेवलेली होती. हज करून आलेली हाज्जा रावया पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा ती शिवी मुशीराच्या अगदी ओठांवर आली. आली आणि तिथेच थांबली, कारण हाज्जा रडत होती.

दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळघरात. समोर इस्त्रीवाला, वर सात मजले रहिवासी, आणि त्यातला प्रत्येक मजला भुंकण्याबद्दल तक्रार करणारा. पाळलेल्या मांजरांवर दवाखाना चालायचा आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांवर मुशीराचं आयुष्य. हाज्जा दारातच उभी राहिली, काळा झगा दोन्ही हातांनी वर धरून. तिच्या मागून तिच्या इमारतीचा राखणदार बिशारी आत आला. त्याने एक कुत्री जुन्या सतरंजीत गुंडाळून छातीशी धरली होती आणि त्याचा पायघोळ सदरा गळ्यापासून खालपर्यंत लाल झाला होता.

"टेबलावर ठेवू का, डॉक्टरबाई?"

"ठेवा, चाचा. तुम्हाला चालतं वाटतं कुत्रं?"

"आमच्या दक्षिणेकडे, सईद मुलखात, कुत्रं नापाक नसतं. आमचे इमाम मालिक सांगून गेलेत तसं. ही कैरोचीच माणसं नाजूक."

"बिशारी, आत्ता धर्मशास्त्र नको!" हाज्जा दारातून ओरडली. "डॉक्टरबाई, जगेल ना ती? जगायलाच पाहिजे. माझ्या हैसमला आत्ता आत घेतलंय. हृदयाची झडप बदलताहेत. मी तिकडेच निघाले होते आणि आमच्याच गल्लीच्या वळणावर ही चाकाखाली आली. मी उतरले, हिने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून शब्द गेले. या अल्ला, मी हिला बरी करते, तू माझ्या पोराला बरा कर. मोठ्याने गेले. फळवाल्याने ऐकले, बिशारीने ऐकले."

"ऐकले," बिशारी म्हणाला. "नवसच तो. आता माघार नाही."

म्हणजे शिवी गिळावी लागणार, हे मुशीराला कळलं. तिने कुत्रीच्या जबड्याभोवती पट्टीची गाठ मारली आणि तपासायला घेतलं. मागचा डावा पाय चेंदामेंदा झालेला, कंबरेचं हाड तडकलेलं. उजव्या पंजाची बोटं चिमटीत दाबली तशी कुत्रीने पाय मागे ओढला. म्हणजे कणा शाबूत होता.

"पाय काढावा लागेल," मुशीरा म्हणाली. "जीव वाचेल. पण हाज्जा, आत्ताच नीट ऐका. या कंबरेने ती चालेल, पळणार नाही. आणि पळता न येणारं कुत्रं आपल्या रस्त्यांवर जगत नाही. तुम्ही तिला घरी ठेवणार असाल तरच मी सुरी हातात घेते. नाहीतर सुई देऊन आत्ताच सोडवते बिचारीला."

"डोक्यावर ठेवीन! डोळ्यांवर ठेवीन! तू फक्त तिला जगव!"

मुलगा शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना आईने दिलेल्या वचनाची किंमत काय असते हे मुशीराला कळत नव्हतं असं नाही. एवढी वर्षं दवाखाना चालवल्यावर माणूस ओळखता येतो. पण टेबलावरची कुत्री तिच्याकडे बघत होती, आणि मुशीराला विश्वास ठेवायचाच होता. तिने हात धुतले आणि पाय काढला.

दोघंही वाचले, हैसम तिकडे आणि कुत्री इकडे. तिळाच्या रंगाची म्हणून बिशारीने तिचं नाव सिमसिमा ठेवलं. हाज्जा दर आठवड्याला यायची, उकडलेल्या कोंबडीचा डबा घेऊन. सुरुवातीला ती खुर्ची लांब ओढून, नाकाला रुमाल लावून बसायची आणि कबुतरांना दाणे टाकावेत तसे तुकडे फेकायची. मग खुर्ची जरा पुढे आली, मग रुमाल मांडीवर आला.

"खाते का नीट? मीठ नाही घातलं हं. तू सांगितलंस म्हणून."

"तुमच्या हातचंच खाते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"चल, खोटारडी," हाज्जा म्हणायची आणि खूश व्हायची.

जिन्यावर तिची पावलं वाजली की सिमसिमा पिंजऱ्यात उठून उभी राहायची, कण्हत, तोल सावरत, आणि शेपटी गजांवर आपटत राहायची. एकदा तिने बाहेर येऊन हाज्जाच्या बुटावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. हाज्जाने पाय मागे घेतला नाही. बराच वेळ ती तशीच ताठ बसून राहिली, जणू मांडीवर कोणी झोपलंय. मुशीराने ते कोपऱ्यातून पाहिलं आणि पुढची सगळी फजिती खरं म्हणजे तिथेच ठरली, कारण त्या दिवशी तिने आशा धरली.

हैसम घरी आला, जेवायला लागला, आईवर खेकसायला लागला. आणि हाज्जा एका दुपारी डब्याऐवजी बसबूसा मिठाईचा खोका घेऊन आली. सिमसिमा तोवर दवाखानाभर तीन पायांवर हिंडत होती आणि कोणाच्या तरी मांजराचं खाणं चोरून नुकतीच मार खाऊन आली होती.

"माशाल्ला, ठणठणीत दिसते," हाज्जा म्हणाली.

"मग कधी नेताय?"

"नेताय म्हणजे?"

"घरी, हाज्जा. डोक्यावर, डोळ्यांवर."

हाज्जाने खोक्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "डॉक्टरबाई, माझ्या घरात पाच वेळा नमाज होतो. कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत."

"त्या दिवशी हे फरिश्ते कुठे गेले होते?"

"तोंड सांभाळ! मी इमामसाहेबांना विचारलंय. ते म्हणाले, नवसाचे शब्द काय होते? मी म्हटलं, हिला बरी करते. तर म्हणाले, मग बरी करणं एवढंच तुझ्याकडे लागतं. पाळणं लागत नाही."

"आणि मला दिलेला शब्द?"

"तो तुला दिला होता," हाज्जा म्हणाली. "नवस अल्लाला."

असं चोख उत्तर मुशीराच्या ऐकण्यात नव्हतं.

"आता एकच राहिलं," हाज्जा खुर्चीच्या कडेला सरकली. "इमामसाहेब म्हणाले, बरी झाली की नाही ते तू ठरवायचं नाहीस. वैद्य ठरवेल. वैद्याने म्हटलं की नवस फिटला. तेव्हा तेवढं म्हण बाई. बरी झाली म्हण."

गरज सरो, वैद्य मरो असं म्हणतात. इथे गरज सरली होती, पण वैद्य मेला असता तर हाज्जाची पंचाईतच झाली असती. मुशीराच्या हे हळूहळू ध्यानात आलं आणि तिच्या डोक्यात एक वाईट, गोड विचार शिरला.

"नाही झाली," ती म्हणाली.

"ही?" सिमसिमा तेव्हा स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरत होती.

"आतून कच्ची आहे."

हाज्जाचा चेहरा उतरला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उकडलेली कोंबडी घेऊन हजर झाली.

आणि हे असंच चालू राहिलं. झाली का? होतेय. झाली का? बघू पुढच्या आठवड्यात. मुशीरा असं खोटं कधी बोलली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आता तिला त्यात मजा येऊ लागली होती. ज्या बाईच्या इमारतीत लिफ्ट आहे, जी दोनदा मक्केला जाऊन आली, ती आपल्या एका शब्दासाठी तळघराच्या पायऱ्या उतरते. उतरू दे. मध्यंतरी मुशीरा प्रत्येक गिऱ्हाइकाला हिला घरी नेता का म्हणून विचारत होती. मांजरवाल्या बायका सिमसिमाचे फोटो काढायच्या, "अगं बाई, तीनच पाय!" म्हणून डोळे पुसायच्या आणि निघून जायच्या. वरच्या मजल्यावरून रोज निरोप यायचा की कुत्री हलवा नाहीतर दवाखाना हलवा. स्वतःच्या घरी न्यावी, तर दोन खोल्यांत अंथरुणाला खिळलेली आई आणि तिच्या अंगाखांद्यावर आधीचीच लंगडी-आंधळी मांजरं. एकाला घरी नेलं की बाकीच्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून कुत्रं घरी न्यायचं नाही असा तिने स्वतःला दंडक घालून घेतला होता. दंडक शहाणपणाचा होता. पुढे तो आठवून ती दातओठ खायची ते वेगळं.

मग एका सकाळी हाज्जा डबा न घेताच आली. डोळे सुजलेले, डोक्यावरचा रुमाल घाईत बांधलेला. ती खुर्चीवर बसलीच नाही. सरळ फरशीवर बसली, सिमसिमाच्या शेजारी, त्याच झग्यात.

"उद्या त्याची तपासणी आहे," ती म्हणाली. "काल जिना चढताना श्वास लागला. डॉक्टर म्हणतात होतं असं, लिफ्ट बंद होती म्हणून. पण मला माहीत आहे का झालं ते. नवस अर्धा लटकलाय, म्हणून तोही अर्धा लटकलाय." तिने हात पुढे केला आणि कुत्रीचा कान बोटांत धरला. हाताला रुमाल नव्हता. "मुशीरा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे. तुझी जीभ माझ्या पोराच्या छातीवर ठेवली आहेस तू. उचल ती."

मुशीराला एकदम स्वतःची लाज वाटली. ही बाई ढोंग करत नव्हती. ती भ्यालेली होती, रात्रभर जागलेली होती, आणि मुशीरा तिच्या भीतीवर एक पिंजरा भाड्याने चालवत होती.

"ठेवाल कुठे तिला?"

"गच्चीवर. कबुतरांची जुनी खोली आहे. बिशारी बघेल. इन्शाअल्ला."

आपल्या शहरात नळ दुरुस्त करणारा 'उद्या येतो, इन्शाअल्ला' म्हणाला की माणूस दुसरा नळवाला शोधायला लागतो. मुशीराने तो शब्द स्पष्ट ऐकला. पण हाज्जाचा हात अजून त्या कानावर होता, आणि सिमसिमाने डोळे मिटले होते.

"बरी झाली," मुशीरा म्हणाली.

हाज्जाने तोंडावर हात धरून लग्नात मारतात तशी लांबलचक किलकारी मारली. बाहेर बसलेली सगळी मांजरं खुर्च्यांखाली गेली. ती उठली, मुशीराचा हात चुंबला, कपाळ चुंबलं, आणि दुपारी बिशारी येऊन सिमसिमाला नवा पट्टा बांधून घेऊन गेला. सिमसिमा खुशीत गेली. बिशारीच्या सदऱ्याचा वास तिला ओळखीचा होता.

तपासणी उत्तम झाली. हाज्जाने मेंढा कापून गल्लीत मांस वाटलं, मुशीराकडेही एक पिशवी आली. मुशीराने दोनदा फोन करून कुत्रीची चौकशी केली. "मजेत आहे, तुझी आठवण काढते," हाज्जा म्हणाली. मुशीराने बिशारीला विचारायला हवं होतं. पण दवाखान्यात तेव्हा भाजलेली पिल्लं आली होती आणि मनाला बरं वाटणारं उत्तर मिळाल्यावर माणूस दुसरं शोधायला जात नाही.

मग एका सकाळी, मुशीरा कुलूप काढत असतानाच बिशारी पायऱ्या उतरून आला. पायात चप्पल नव्हती.

"चला, डॉक्टरबाई. पिशवी घ्या. सिमसिमाने काहीतरी खाल्लंय. ताठ होतेय सारखी."

मुशीराने बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि दोघं निघाले. ती पळत होती, बिशारी तिच्या मागून धापा टाकत बोलत होता. गच्चीवर होती काही दिवस. मग इंजिनियरसाहेबांच्या बायकोच्या वाळत घातलेल्या चादरी तिने खाली ओढल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आरडाओरडा केला. हाज्जा म्हणाली, अल्लाची कृपा, तपासणी झाली, आता जिथून आणली तिथे सोड.

"आणि तुम्ही सोडलीत."

"मी नोकर माणूस. जिन्याखालची खोली माझ्या बापाची नाही." तो थांबला, पुन्हा पळू लागला. "पण ती जाईना. दारातच बसायची. हाज्जाच्या पावलांचा आवाज आला की उठायची, शेपूट हलवायची, मागे मागे जायची. येणारेजाणारे विचारायचे, हाज्जा, कुत्रं पाळलंत का हो? हाज्जा मान खाली घालून जायची. मला म्हणाली, हाकल हिला. मी दगड मारला हो. खरंच मारला. लांब जाऊन बसली आणि परत आली."

"विषाचं मांस कोणी टाकलं?"

"कोणीतरी टाकलं." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "वर बैठक झाली होती सगळ्यांची. हाज्जापण होती. ती म्हणाली, मला काही विचारू नका, माझ्या डोळ्यांसमोर नको. एवढंच म्हणाली."

"कधीपासून तडफडतेय?"

"पहाटेच्या अजानपासून."

मुशीरा जागच्या जागी थांबली. "आणि तुम्ही आत्ता येताय?"

"सगळ्यांच्या देखत कसा येणार? सगळे कामावर गेले, मग आलो."

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. ती पुढे पळाली.

सिमसिमा इमारतीच्या दारापाशी, उभ्या गाडीच्या सावलीत पडली होती. पाय ताठ, मान मागे वळलेली, तोंडाभोवती फेस सुकलेला. मुशीराने गुडघ्यांवर बसून छातीवर हात ठेवला, डोळ्याला बोट लावून पाहिलं. पिशवी उघडायची गरज पडली नाही. अंग अजून गरम होतं, आणि तेच तिला सहन होईना. ती तशीच बसून राहिली आणि रडली. आधी हळू, मग कोणाची पर्वा न करता. जाणारी माणसं वळसा घालून जात होती.

दारातून हाज्जा आली. नमाजाचा पांढरा झगा अंगावर, हातात जपमाळ. ती जवळ आली नाही. पायरीवरच उभी राहिली.

"मेली?"

मुशीराने मान हलवली.

"कशाने? तो पाय पुन्हा चिघळला होता का? आतून काही राहिलं होतं का? तू तेव्हा म्हणाली होतीस, आतून कच्ची आहे." जपमाळेचे मणी तिच्या बोटांत भराभर सरकत होते. "मुशीरा, बघ माझ्याकडे. बरी होऊनच मेली ना? नवस फिटलाय ना माझा?"

मुशीराने वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या सज्जात हैसम उभा होता, शाल पांघरून, हातात चहाचा पेला. हडकुळा, फिकट पोरगा. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

एक शब्द पुरे होता. नाही, बरी नव्हती झाली, मी खोटं बोलले. एवढं म्हटलं असतं तर ही बाई जन्मभर झोपली नसती. पोरगा ठेचकाळला तरी तिला धडकी भरली असती. मुशीराला ते म्हणायचं होतं. तिने पुन्हा एकदा सज्जाकडे बघितलं.

"बरी होती, हाज्जा," ती म्हणाली. "अगदी धडधाकट. अशक्त असती तर तेव्हाच सुटली असती. पहाटेपासून एवढा वेळ झगडली ती तुमच्या कोंबडीच्या जोरावर."

"अल्हम्दुलिल्लाह," हाज्जा म्हणाली. बाकीचं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं, आणि ती पायरी उतरून, कुत्रीच्या बाजूने झगा सावरत मुशीरापाशी आली. "अल्लाने तुझ्या हाताला गुण दिलाय. वर चल, चहा घे. इथे रस्त्यात नको बसूस, लोक बघताहेत."

"जा तुम्ही."

बिशारीने गोणी आणली. त्याने गोणीचं तोंड उघडून धरलं, आणि मुशीराने सिमसिमाला दोन्ही हातांनी उचललं.

"काय झालं, आई?" वरून हैसमने विचारलं.

"काही नाही रे राजा," हाज्जा वर बघत म्हणाली. "एक कुत्रं मेलंय. तू आत हो, वारं लागेल."